आठ मुठी गहू

देवपूर, धुळे
शनिवार, दुपार

प्रिय प्रेमराज,

तुझा खेळ खेळून संपला. अकरा दिवस लागले. तू फोनवर म्हणालास, मोठीमाय, दोन ओळींत सांग, चांगलं काय वाटलं आणि वैताग कशाचा आला, उगाच गोड बोलू नकोस, आणि तिसऱ्या भागाला आवाज देणार की नाही तेवढं कळव. दोन ओळींत सांगायला मी काय तार करतेय का? चौथी शिकलेली बाई मी, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, त्यामुळे एकदा पेन हातात आला की सोडवत नाही. आणि फोन ठेवता ठेवता तू जे बोललास तेही ऐकलं मी. "आईचं नाव काढू नकोस, तो विषय माझ्यापुरता संपला." दिवाळीपासून तू रत्नाशी, माझ्या धाकट्या जावेशी, बोललेला नाहीस. आता आषाढ सरत आला. पोटच्या पोराने आईशी आठ महिने अबोला धरावा आणि तोही एका खेळापायी, तेव्हा त्या खेळाबद्दल दोन ओळींत बोलून भागत नाही. हे पत्र बसून वाच. चालता चालता वाचू नकोस.

आधी चांगलं सांगते. पहिला ‘धाबं’ तू केलास तेव्हा मला माऊस धरता येत नव्हता. हात इतका थरथरायचा की तो बाण देव्हाऱ्यावर न्यायला जावं तर गोठ्यात जाऊन पडायचा. पण तीन दिवसांत जमलं, कारण खेळ माझ्या ओळखीचा होता. शेजारच्या बेबाबाई विचारायच्या, अहो ताईबाई, या वयात मारामाऱ्या कसल्या खेळताय? मी म्हटलं, मारामारी नाही, पळापळ नाही, हा सासुरवाशिणीचा खेळ आहे. घर परकं. कुठे काय ठेवलंय कोणी सांगत नाही. प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून बघायचं, उपयोगाची वाटली तर पिशवीत टाकायची, आणि कुठली कशाला लावली की दार उघडतं ते आपलं आपण शोधायचं. चुकलं की घरातलं कोणीतरी टोमणा मारतं. पन्नास वर्षं हेच केलंय मी, फक्त माऊसशिवाय. बेबाबाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी चष्मा घेऊन शेजारी येऊन बसल्या.

दुसऱ्या भागात तू चित्रं अशी काढलीस की माझ्या डोळ्याला ऊन लागलं. शिंदखेड्याकडचं आपलं ते घर, मातीच्या धाब्याच्या सपाट छतावर वाळत घातलेल्या मिरच्या, ओट्यावर नानांची घोंगडी. तुझ्या आजोबांची घोंगडी तुला कशी आठवली रे? सहा वर्षांचा तर होतास. आणि वस्तू बोलतात हे मला पहिल्यापेक्षा या भागात जास्त आवडलं. झाडूवर टिचकी मारली तर तो म्हणतो, "माले उभा नका ठेवा, घरमा भांडनं व्हतस." जात्यावर मारली तर ते नुसतं घरघरतं आणि म्हणतं, "दळाले उनी का ऐकाले?" बेबाबाई तर त्या जात्याला दहादा टिचक्या मारायच्या. यावेळी दोन माणसं चालवता येतात, आई आणि पोरगा, आईची पिशवी वेगळी, पोराची वेगळी, आणि एकाला जे सापडतं ते दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं, हे फार म्हणजे फार छान. आईचा हात उंच फळीपर्यंत पोचतो, पोरगा कणगीच्या मागे शिरतो. दोघं मिळून एक माणूस पुरं होतं. त्या आईच्या मनगटावर तू भाजल्याचा डाग काढलास, तव्याच्या कडेचा. रत्नाच्या उजव्या हातावर आहे तो. ज्या बाईशी बोलायचं नाही म्हणतोस, तिच्या हातावरचा डाग एवढा नेमका काढायला तुझं मन राजी कसं झालं?

आता वैताग. पहिला वैताग त्या सुईचा. गोधडीवर गोधडीच्याच रंगाची सुई, केसाएवढी. दोन दुपारी मी तो बाण पडद्यावर असा फिरवला जसा पोरींच्या डोक्यात उवांसाठी कंगवा फिरवायचा. एवढं लपवायचं असेल तर खेळ करू नये, वाळूत मीठ सांडावं आणि लोकांना वेचायला लावावं. दुसरा वैताग त्या पोराच्या चालीचा. विहिरीपासून घरापर्यंत पोट भरलेल्या म्हशीसारखा येतो, आणि तू त्याला चौदा वेळा विहिरीवर पाठवतोस. नानांचं तंबाखूचं पुराण मधेच तोडता येत नाही, पाचदा ऐकलं. आणि गुळाच्या मडक्याला लागलेल्या मुंग्यांचं काय ते? माझ्या पिशवीत परात होती, तांब्याभर पाणी होतं. परातीत पाणी, पाण्यात मडकं, झालं काम. तुझा खेळ म्हणतो, असं होत नाही. अरे कसं होत नाही? घरोघरी होतं. तर तुझं उत्तर काय, पतंगाचा दोरा आंब्याच्या कोयीला बांधून म्हणे मडकं आढ्याला टांगायचं. याला म्हणतात नाकापेक्षा मोती जड. कोडं घालणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की खेळणारा त्याच्यापेक्षा शहाणा असू शकतो, आणि शहाण्याला शिक्षा होता कामा नये. तुझा तो सल्ला देणारा कावळा पहिल्या भागात किती गरीब होता. यावेळी चुकलं की अंगावर येतो, अक्कल कुठे ठेवून आलीस म्हणून विचारतो, "अक्कल कोठे ठी उनी वं माय?" बेबाबाईंनी त्याला वर दोन शिव्या दिल्या.

पण सगळ्यात मोठी तक्रार लोकांची आहे, माझी नाही. तू मला ते लोकांचे अभिप्राय दाखवलेस ना. सगळी पात्रं बोलतात, कावळा बोलतो, झाडू बोलतो, फक्त आई बोलत नाही. तिचं बोलणं खाली अक्षरांत येतं. कोणी लिहिलंय की हा आळस आहे, कोणी लिहिलंय की वा, काय विचार केलाय. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, ना आळस ना विचार. दिवाळीत तू माईक आणि कागद घेऊन चाळीसगावला गेलास. रत्ना शेव गाळत होती. तिने हात पुसून कागद वाचले, शेवटच्या प्रसंगापर्यंत वाचले, आणि एवढंच म्हणाली, "असं नव्हतं." तू विचारलंस, मग कसं होतं? ती म्हणाली, "लिहिलंय ते राहू दे. पण माझ्या तोंडून नको." तू चिडलास. म्हणालास, मोठीमायने हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून सगळं सांगितलं मला, जी म्हातारी चुकली ती मरून गेली, आणि तुला अजून माफ करवत नाही, दगड आहेस तू. तिने शेवेचा डबा तुझ्या हातात दिला, तो तू पायरीवर ठेवून निघून आलास. त्याच दुपारी तू मला फोन केलास. आणि मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, "जाऊ दे बाळा. तिचा स्वभावच तसा आहे." हे माझं वाक्य ध्यानात ठेव. अकरा दिवस मला तेच टोचतंय.

तुझ्या खेळातला शेवटचा प्रसंग असा आहे. कानबाईचा, आपल्या कुळाच्या देवीचा, श्रावणातला रविवार. विधवा झालेली आई कानबाईच्या चौरंगाला हात लावते. आजी पार्वताबाई ओरडते, विधवेचा हात लागला, हिला बाहेर काढा. दार बंद होतं. आई आणि पोरगा बाहेर. आणि दाराच्या आत, फटीतून दिसते ती मोठी जाऊ, म्हणजे मी. पदर तोंडात धरून रडतेय. तिथे खेळ संपतो. मी तिथे संपवला नाही. माझ्या पिशवीत तेवीस वस्तू होत्या. एकेक काढून त्या बंद दाराला लावली. विळी लावली, दोरा लावला, सांडशी लावली, कानबाईचा तो नारळही लावला. दर वेळी कावळा म्हणतो, "आते काय उपेग?" मग दोन दोन वस्तू जोडून लावल्या. बेबाबाई म्हणाल्या, अहो संपला हो खेळ, नावं येऊन गेली. मी म्हटलं, थांबा जरा. मला वाटत होतं कुठेतरी एखादी वस्तू असेल, तू ठेवली असशील. नाहीये. दार उघडतच नाही. हा माझ्या मते खेळाचा दोष आहे, कारण त्या दिवशी दार बंद नव्हतं. दिवसभर सताड उघडं होतं. कोणी लावलंच नाही, लावायची गरजच पडली नाही.

हे कसं ते सांगायला आधी त्या गव्हाच्या कोड्याकडे यावं लागेल. मी सगळ्यात जास्त तिथे अडले, पुरते तीन दिवस. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी सुपात गहू मोजून घ्यायचे. पाटीवर लिहून येतं, घराच्या मुठी घ्या. मला हसू आलं, म्हटलं हे कोडं माझ्यासाठीच. रोटाचे गहू पुरुषांच्या नावाने घेतात, प्रेमराज. घरात जेवढे पुरुष तेवढ्या मुठी, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. बाईच्या नावाची मूठ नसते. आणि ते रोट कुळातल्यांनीच खायचे, बाहेरच्याला चतकोरही द्यायचा नाही. म्हणून मी मोजलं, झुलालनाना एक, तुझे मोठे बाबा रुपचंद दोन, तू तीन. तीन मुठी टाकल्या. कावळा खेकसला. मला वाटलं, तुझा बाप अभिमन तोवर गेलेला असला तरी तू त्याची मूठ धरली असशील, पोराचं मन आहे. चार टाकल्या. नाही. मग मी, मला लाज वाटते सांगायला, मी दोन टाकल्या. कावळा म्हणाला, "अक्कल कोठे ठी उनी वं माय?" आणि मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, त्या शिवीने. याला माहीत नाही, म्हटलं. पोराला काही माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी बेबाबाई कंटाळून म्हणाल्या, टाका हो सूप भरून. मी एकेक मूठ वाढवत गेले. आठव्या मुठीला सूप चमकलं आणि जातं फिरायला लागलं. आठ. मी बोटं मोजली. नाना, पार्वताबाई, रुपचंद, मी, माझ्या दोघी पोरी दिपमाला आणि सपना, रत्ना आणि तू. तू सगळ्यांची मूठ घेतलीस. ज्याला रीत माहीत असते त्याच्याकडून ही चूक होत नाही. शिंदखेड्याच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचार, तो सांगेल. तुला माहीत नाही, कारण सहा वर्षांचा असल्यापासून तू कोणाच्या रोटाला बसलाच नाहीस. चाळीसगावला जीवराममामाच्या घरी कानबाई बसायची, पण तू त्यांच्या कुळाचा नाहीस, म्हणून त्या दिवशी तुला आणि रत्नाला वेगळं जेवावं लागायचं. हे मला जीवरामच्या बायकोने एका लग्नात सांगितलं होतं. म्हणाली, पोरगा ताट घेऊन अंगणात बसतो आणि आत बघतो. मी ते ऐकून लाडू खाल्ला. आणि आता त्याच पोराने माझ्या पोरींच्या नावाची मूठ सुपात टाकली. माझ्या पोरींची मूठ जन्मात कोणी घेतली असेल तर ती तू, चुकून.

आता खरं काय ते. अभिमनला मोटरीचा शॉक लागून सव्वा वर्ष झालं होतं. आदल्या श्रावणात दुःखाचं वर्ष चालू होतं म्हणून कानबाई बसवली नव्हती, त्यामुळे तो गेल्यावर मुठी घ्यायची ती पहिलीच वेळ. सकाळची वेळ होती, माजघरात ऊन आलेलं. पार्वताबाई सूप घेऊन बसल्या, रत्ना बाजूला गहू निवडत होती, तू उंबऱ्यावर. विधवेच्या हाताचं म्हणशील तर पार्वताबाईंनी स्वतः तिला म्हटलं होतं, "तू बी बस वं, तुना हातना गहू बरा साफ व्हतस." हो, तीच पार्वताबाई, जिला तू खेळात राक्षसीण केलंस. म्हातारीने पहिली मूठ उचलली, "ही नानानी." दुसरी, "ही रुपचंदनी." मग तिचा आवाज जरा भरून आला, तिने तुला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आते ही तू घाल, तुना बापनी जागावर शे तू." तू धावत आलास, गव्हात हात घातलास आणि मूठ भरलीस. एवढीशी मूठ, निम्मे गहू बोटांतून खाली.

माझ्या दोघी पोरी त्या वेळी तिथेच मागे बसून बघत होत्या. दर श्रावणात बघायच्या. दर श्रावणात तुझी मूठ पडायची आणि माझ्या बाजूने कोणाचीच नाही. बाळंतपणं मला दोन झाली, तिसरं पोटातच गेलं, तो मुलगा होता. तुझ्या आईला एक झाला आणि तोच झाला. हे सांगतेय ते तू माझी कीव करावी म्हणून नाही. पोटात दुखणाऱ्या हजार बाया असतात, त्या ओवा खातात. मी उठले, तुझं मनगट धरलं, तुझी मूठ उलगडली आणि गहू परत पोत्यात सांडले. आणि म्हणाले, "ही मूठ आमना घरनी नही. कोनी शे ते तिलेच इचारा." ही मूठ आमच्या घरची नाही, कोणाची आहे ते तिलाच विचारा. माझ्या या तोंडाने म्हणाले, तुझ्या आईकडे बोट करून.

कोणी ओरडलं नाही. नाना ओट्यावर होते, त्यांना ऐकू गेलं, ते खाकरले आणि तंबाखू मळत राहिले. तुझे मोठे बाबा दारात उभे होते, त्यांनी खाली मान घातली. पार्वताबाईंनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या जसं एखादं जनावर घरात शिरलंय. पण त्याही बोलल्या नाहीत. घरात अशी गोष्ट निघाली की खोटी म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की ती गावाला कळते. सगळे गप्प बसले आणि गप्प बसण्याने ती खरी झाली. रत्ना उठली. हातावरची माती झटकली. मला वाटलं होतं ती रडेल, माझ्या झिंज्या धरेल, अभिमनच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेईल. मी वाट बघत होते, प्रेमराज. तिने काहीच केलं नाही. तुझा सदरा बदलला, एक पिशवी भरली आणि उघड्या दारातून तुला घेऊन चाळीसगावच्या गाडीसाठी निघून गेली. गल्लीच्या टोकापर्यंत तू मागे वळून बघत होतास. कोणी हाक मारली नाही. खेळात तू मला दाराआड रडताना दाखवलंस. मी रडले नव्हते. मी खाली बसून दोन मुठींचे गहू निवडायला घेतले होते. रविवारी त्याचे रोट झाले आणि मी पोटभर खाल्ले.

मग चार वर्षांपूर्वी रुपचंद गेले आणि दहाव्याला तू एकटा आलास, उंच, दाढी वाढलेला. मला वाटलं होतं तू थुंकशील. तू पाया पडलास. म्हणालास, मोठीमाय, जुने शब्द हवेत, जुने आवाज हवेत, मी खेळ करतोय. आणि दुसऱ्या दिवशी हळूच विचारलंस, आम्ही घर का सोडलं? आई सांगत नाही. मला दोन श्वासांचा वेळ मिळाला. तेवढ्यात मी पार्वताबाईंचं नाव घेतलं. मेलेलं माणूस साक्षीला येत नाही. विधवेच्या हाताचं मी तिथे, त्या क्षणी रचलं, आणि रडून दाखवलं. ते तू खरं मानलंस, त्याचा खेळ केलास, हजारो लोकांनी तो खेळला, आणि आता कोण कुठली पोरं माझ्या सासूला शिव्या देतात. तिसऱ्या भागाला आवाज मागतोस ना? देईन. पण एकाच वाक्याचा देईन, वर लिहिलंय तेच, मुठीचं, त्याच ठेक्यात. दुसरं वाक्य माझ्याकडून घेऊ नकोस.

हे मी मन हलकं करायला लिहीत नाहीये. मन हलकं करायला देऊळ जवळ आहे, देव कुणाला सांगायला जात नाही. लिहितेय ते कालच्या तुझ्या निरोपामुळे. "कानबाईला तुझ्याकडे येतो. आता तूच माझी आई." ते वाचून मला इतका आनंद झाला की गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मी हसत बसले. पोरगा मिळाला म्हणून बेबाबाईंकडे पेढे मागवायला निघाले होते. चपला घालताना पाय अडला. एकदा तुला घरातून काढलं, आता तुला तुझ्या आईकडून काढून घेतेय आणि वर पेढे वाटतेय. परत आले आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा रत्नाला फोन केला. म्हटलं, त्याला सांगते. ती म्हणाली, "नका सांगू ताईबाई. माझ्यावर रागावलाय तर रागावू दे. रागावलेला पोरगा परत येतो. मनात शंका शिरलेला येत नाही." तिला तुझ्याशिवाय मरणंही चाललं असतं, पण तू कोणाचा हा प्रश्न तुझ्या डोक्यात शिरायला नको होता. तिचंही मी ऐकलं नाही. तिला जे जपायचं होतं तेच आज तिला न विचारता मोडतेय, म्हणजे याही वेळी घाव तिच्यावरच. म्हणून शंकेपुरतं ऐक. तुझ्या उजव्या हाताची करंगळी आत वाकलेली आहे. झुलालनानांची तशीच होती, रुपचंदची तशीच, अभिमनची तशीच, साऱ्या कुळाची ती खूण. त्या सकाळी तुझी मूठ उलगडताना ती वाकडी करंगळी माझ्या दोन बोटांत होती. मी ती पाहिली, आणि मग ते बोलले. आता तू धुळ्याला येऊ नकोस. चाळीसगावची गाडी धर.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क मीच सांडला, तेव्हा नुसतीच,
ताईबाई